काकींचं इंग्रजी आणि नोराचं गाव

सेंट जॉन्सच्या विमानतळावरून टॅक्सी करून आले, दोन बॅगा चढावरून ओढल्या, आणि जिथे खोली मिळाली होती त्या जांभळ्या लाकडी घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यांनी परत विचारलं. परत कळलं नाही. माझा टोफेलचा स्कोअर आला तेव्हा नागपूरला बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि इथे पहिल्याच वाक्याला माझी विकेट! बरं, समोरची बाई तर सरळसरळ आपली दिसत होती. कपाळावर रुपयाएवढी टिकली, पांढरे शुभ्र केस, अंगात ढगळ पुरुषी स्वेटर आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

"काकी, मराठीत बोला ना," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

मग त्या मालवणीत बोलल्या. तेही मला निम्मंच कळलं.

त्यांचं ते पहिलं वाक्य होतं, "व्हेअर वॉज यू टू, माय लव्ह? आय्म आफ्टर बॉइलिंग द केटल ट्वाइस." म्हणजे, कुठे होतीस ग बाई, तुझ्यासाठी चहाचं पाणी दोनदा उकळून झालं. हे मला दोन महिन्यांनी उमगलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं राहिले, इंजिनियरिंगची मास्टर्स डिग्री केली, आणि शेवटी शेवटी मीही फोन उचलून 'हॅलो'च्या ऐवजी 'व्हॉड्डी यॅट?', म्हणजे 'काय चाललंय?', असं म्हणायला लागले होते. आई नागपूरहून म्हणायची, "रॉंग नंबर लागला वाटते!"

काकी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. एकोणसत्तर साली नवऱ्याच्या मागून इथे आल्या. नवरा युनिव्हर्सिटीत गणिताचा प्रोफेसर. सगळे त्यांना 'सर' म्हणत, काकीसुद्धा. आल्या तेव्हा काकींना इंग्रजीचं एक वाक्य येत नव्हतं. जे आलं ते सगळं शेजारच्या नोराकडून आलं. दोन्ही घरांची भिंत एक आणि मागच्या अंगणातलं कुंपणही एक. नोराचे पूर्वज कधी काळी कॉड मासा पकडायला आयर्लंडहून या बेटावर आले आणि इथलेच झाले, पण बोलणं मात्र तिकडचंच राहिलं. त्यामुळे काकींच्या तोंडी आयर्लंडच्या कोळ्यांचं इंग्रजी आणि वर वेंगुर्ल्याचा हेल. तेहतीस म्हणायचं तर 'टर्टी-ट्री'. गुरुवार म्हणजे 'टर्सडे'.

"काकी, तुम्हाला 'थ' येतो की. थालीपीठ म्हणता ना?"

"नोरा 'थ' म्हणा नाय. मगे मी कित्या म्हणू?"

पण ही नोरा आता कुठे असते, असं विचारलं की काकींना एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण व्हायची.

त्यांच्या तऱ्हा किती सांगू! धुकं आलं की त्या जिन्यावरून ओरडायच्या, "पावणो इलो गो, पावणो इलो!" मी पहिल्या वेळी ओढणी सारखी करून, केस बांधून वर धावले. पाहुणा म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं. ते आलं की दोरीवरचे कपडे आत घ्यायचे. सेंट जॉन्सला हा पाहुणा आठवड्यातून चारदा यायचा आणि मुक्काम ठोकायचा. टिकलीबद्दल मी एकदा भीत भीत विचारलं, कारण सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तर म्हणाल्या, "ती मी सरांसाठी कधी लावलंयच नाय. आरशासाठी लावतंय."

मासळीच्या दुकानात त्या कल्ले उघडून बघायच्या आणि कापणाऱ्या माणसाला ऐकवायच्या की हा मासा मरून तुझ्या दाव्यापेक्षा दोन दिवस जास्त झालेत. तो हसून आतून दुसरा आणायचा. रेडिओवरच्या हवामानवाल्याशी तर त्या रोज सकाळी तावातावाने वाद घालायच्या. गाडी घेतली नाही, शिकल्या नाहीत, कुणाची लिफ्ट कधी मागितली नाही. कुठेही जायचं तर सिटी बसने, आणि तेही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, म्हणजे त्याला सूचना देता येतात. मुलगा कॅल्गरीला. तो फोनवर म्हणायचा, "आई, मूव्ह हिअर." काकी विचारायच्या, "थंय समुद्र आसा?" तो नाही म्हणायचा. विषय संपायचा.

आणि पर्यटक म्हणजे तर काकींच्या दृष्टीने शुद्ध वेडी माणसं. पक्षी बघायला जातात, देवमासे बघायला जातात, पडकी घरं बघायला जातात! "आमच्या वेंगुर्ल्याक पडकी घरां काय कमी आसत?"

म्हणून दोन हजार सहाच्या जून महिन्यात त्या लायब्ररीतून एक रंगीत पत्रक घेऊन आल्या आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवून म्हणाल्या, "शनिवारी माझ्यावांगडा चल. बसची ट्रिप आसा," तेव्हा मला वाटलं, यांना ताप आहे.

पत्रकावर लिहिलं होतं: दक्षिण किनाऱ्यावरची आयरिश गावं आणि वारसास्थळं, एक दिवसाची सहल. उत्खननात सापडलेली जुनी वसाहत, दीपगृह, समुद्रकिनारा, आणि शेवटी एका लहान गावातलं जुनं चर्च व दफनभूमी. त्या शेवटच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पन्नास घरांचं गाव आहे. लिहिलं तर कुणाविषयी बोलतेय ते तिथे लगेच कळेल. पत्रकावर त्या नावाखाली काकींनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या.

शनिवारी सकाळी आठला आम्ही बसपाशी. काकींनी चक्क नवा रेनकोट घातला होता, पिवळाधमक. खांद्याला मोठी पिशवी. तिच्यात थर्मास, चपात्या, आणि एक पत्र्याचा लहान डबा, जो त्या मला हातही लावू देत नव्हत्या. पंचवीस सीटची बस. ड्रायव्हर आणि गाईड एकच, टमाटरासारख्या गालांचा एक गडगडाटी माणूस. काकी अर्थातच त्याच्या मागच्या सीटवर. आमच्या मागे आयर्लंडहून आलेलं एक म्हातारं जोडपं, आणि बाकी ऑन्टारियोकडची मंडळी.

बस शहराबाहेर पडली, आणि काय सांगू, पाहुण्याने त्या दिवशी रजा घेतली होती! निळं आकाश, निळा समुद्र, प्रत्येक वळणावर एक खाडी आणि खाडीत मूठभर रंगीत घरं सांडल्यासारखी. दूर एक हिमनगाचा तुकडा तरंगत होता, साखरेच्या खड्यासारखा. मी खिडकीला नाक लावून बसले होते. ड्रायव्हर माईकवर सांगत होता की इथले पुरुष कसे पहाटे होड्या घेऊन कॉड पकडायला जायचे, कसे वादळाशी झुंजायचे.

"यस, बाय," काकी मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या (इथे 'बॉय'ला 'बाय' म्हणतात), "अँड हू सॉल्टेड इट? हू ड्राइड इट? द विमेन!"

सगळ्या माना काकींकडे वळल्या. मग ड्रायव्हर इतका हसला की बस जरा डावीकडे गेली. "मिसस, माईक तुम्हीच घ्या," तो म्हणाला. आणि त्यांनी घेतला! मासे उन्हात कसे पसरायचे, पाऊस आला की कसे उलटे करायचे, मीठ कमी पडलं तर काय होतं, सगळं सांगितलं. मला तेव्हाच कळलं की हे सगळं नोराने यांना सांगितलेलं आहे, कारण प्रत्येक तिसऱ्या वाक्याला 'नोरा सेझ' होतं.

मागचे आयरिश आजोबा पुढे वाकले. "माफ करा, तुम्ही आयर्लंडात वॉटरफर्डच्या कुठल्या भागातल्या?"

"वेंगुर्ला," काकी म्हणाल्या.

आजोबा विचारात पडले. "ते डोंगरापलीकडे का?"

"समुद्रापलीकडे."

"असेल, असेल," आजोबा बायकोला म्हणाले. "त्या बाजूला मी फारसा गेलो नाही."

फेरीलँडला उत्खनन होतं. तीन-चारशे वर्षांपूर्वीचा दगडी रस्ता, लोहाराची भट्टी, आणि भरतीच्या पाण्याने आपोआप धुऊन निघणारा दगडी संडास. बाकीचे लोक रस्त्याचे फोटो काढत होते. काकी संडासापाशी वीस मिनिटं उभ्या राहिल्या. भरती कुठून शिरत असेल, ओहोटीला काय होत असेल, हे त्यांनी हात हलवून हलवून सगळ्यांना समजावलं. "बघ गो, ह्येका म्हणतत डोक्या!" मला वाटलं, चला, काकी फॉर्मात आहेत, दिवस मस्त जाणार.

पण बसमध्ये परतलो की त्या गप्प व्हायच्या. ओठ हलत राहायचे. स्तोत्र म्हणताहेत असं मला वाटलं. कान देऊन ऐकलं तर इंग्रजी होतं. तेच तेच वाक्य, कधी असं, कधी तसं. "आय वॉज राँग... आय वॉज आफ्टर बीइंग राँग..."

विचारणार होते, तेवढ्यात किनारा आला आणि सगळं बाजूला राहिलं. कारण तिथे केपलिन आले होते! ही बोटभर लांबीची चंदेरी मासळी वर्षातून एकदाच, लाटांवर बसून किनाऱ्यावर येते अंडी घालायला. लाट आली की गोट्यांवर चांदी पसरायची, लाट गेली की चांदी तडफडायची. गावकरी बादल्या आणि जाळी घेऊन पाण्यात. मुलं ओरडताहेत, वर पक्ष्यांचा कालवा, आणि थोडं आत, मी शपथ घेऊन सांगते, एका देवमाशाची काळी पाठ वर येऊन खाली गेली.

"मुडदुशे गो!" काकी किंचाळल्या. "चेडवा, साक्षात मुडदुशे!" मुडदुशे म्हणजे कोकणातली अशीच लांबट चंदेरी मासळी.

आणि पासष्टीच्या पुढच्या त्या बाई, बस पूर्ण थांबायच्या आत दाराशी. रेनकोट काढला, त्याच्या बाह्यांना गाठी मारल्या, एक टोक मला धरायला दिलं आणि आम्ही पाण्यात! पाणी असं थंड की पाय आहेत की नाहीत ते कळेना. लाट आली की रेनकोट खाली, लाट गेली की वर. मी आयुष्यात कधी मासा हातात धरला नव्हता. त्या दिवशी माझ्या जीन्सच्या खिशातसुद्धा दोन निघाले. आयरिश आजी काठावरून टाळ्या वाजवत होत्या. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला, मग स्वतःची एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. "मिसस, बसमध्ये वास येईल."

"येवंक होयो," काकी म्हणाल्या.

बस सुटली. आम्ही दोघी ओल्याचिंब, पायाशी मासळीची पिशवी. मी हसत होते, थांबता थांबत नव्हतं. बघते तर काकींचे ओठ पुन्हा हलत होते. थंडीने असतील म्हणून मी माझी शाल दिली.

"नोराचा गाव इलो," त्या म्हणाल्या. आणि मग समोर बघत, एका दमात, त्यांनी मला ते सांगितलं. मालवणीत सांगितलं, आणि त्या दिवशी मला एकूण एक शब्द कळला.

सर गेले तेरा वर्षांपूर्वी, अचानक. दहन करून माणसं घरी परतली. काकी स्वयंपाकघरात खुर्चीत बसलेल्या. नोरा आली. तिने सँडविचेस आणली होती, एक बाटली आणली होती. ती फ्रीजला टेकून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मी तुम्हाला या माणसाची एक गोष्ट सांगते. एके रात्री हा माझ्या दारात उभा, खाली बायकांसारखा स्कर्ट गुंडाळलेला..." आणि ती हसायला लागली. दोघे-तिघे आणखी हसले.

काकी उठल्या. दार उघडलं. म्हणाल्या, "बाहेर हो. माझ्या घरात मयत आणि तू हसतेस?"

नोराने कप खाली ठेवला, कोट घातला आणि गेली. चोवीस वर्षांची शेजारीण. दुसऱ्या वर्षी तिने शहरातलं घर विकलं आणि इथे, वडिलांच्या गावी येऊन राहिली. एकीनेही दुसरीला फोन केला नाही.

"मगे मी हय लोकांच्या मयतांक जाऊक लागलंय," काकी म्हणाल्या. "पाच ठिकाणी गेलंय. पाचही ठिकाणी हसत होते. जेच्यावर जीव जास्त, तेच्या गोष्टी जास्त. ती सरांका मान देत होती गो. आणि मी तिका घरातसून भायर काढलंय."

"मग फोन का नाही केला, काकी?"

"फोनार तोंड दिसता?"

लिफ्ट त्या कुणाची मागणार नव्हत्या. या गावाला बस नव्हती, आणि टॅक्सीने एकटीने यायचा धीर होत नव्हता. आणि मग लायब्ररीत ते पत्रक दिसलं.

ड्रायव्हरने चर्चसमोर बस लावली. चाळीस मिनिटं, म्हणाला. सगळे चर्चकडे निघाले. काकी चर्चकडे गेल्या नाहीत. त्या थेट दफनभूमीत शिरल्या.

"तू त्या बाजून बघ," त्या म्हणाल्या. "मी हय बघतंय."

मला आधी कळलंच नाही काय बघायचं ते. मग कळलं, काकी नोराचं नाव शोधत होत्या. नोरा वयाने काकींपेक्षा बरीच मोठी. तेरा वर्षं. आम्ही दोघी त्या उतारावर एकेक दगड वाचत चाललो. मी पहिल्या रांगेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक दगडावर तीच चार आडनावं फिरून फिरून. आणि चौथ्या रांगेत माझ्यासमोर आलं: नोरा.

मी हाक मारली नाही. पण काकींनी मला थांबलेलं बघितलं आणि तिथून त्या धावत आल्या. रबरी बूट, ओला स्वेटर, हातात मासळीची पिशवी. दगडावर शेवाळ होतं. त्यांनी ते अंगठ्याने खरवडलं. खालचं साल वाचलं. शंभर वर्षांपूर्वीचं होतं! कुणी दुसरीच नोरा, कदाचित आजी-पणजी असेल. काकी मटकन त्याच दगडावर बसल्या आणि हसायला लागल्या. "माफ कर गो बाय," दगडावर थोपटून म्हणाल्या, "तू मेलंस म्हणान माका बरा वाटला."

बाकीच्या रांगा बघून झाल्या. नोरा नव्हती. म्हणजे आहे! म्हणजे इथेच कुठेतरी आहे! पंचवीस मिनिटं राहिली होती.

"पिवळं घर, चर्चच्या खाली, दार समुद्राकडे," काकी म्हणाल्या. हे वर्णन त्यांनी शेकडो वेळा ऐकलेलं होतं. आम्ही खाली पळालो. चर्चखाली पिवळी घरं तीन निघाली. मी म्हटलं, पहिल्यापासून बेल वाजवत जाऊ. पण काकी मधल्या घराच्या मागच्या अंगणाकडे बघत होत्या. दोरीवर कपडे वाळत होते.

"अभ्रे," त्या म्हणाल्या. "उशीचे अभ्रे तोंड वर करून वाळत घालणारी बाई जगात एकच."

दार वाजवलं. आत काठीचा आवाज. दार उघडलं. उंच, हडकुळी, आखडलेल्या पाठीची म्हातारी, पांढऱ्या भुवयांखाली निळे डोळे. तिने काकींना वरपासून खालपर्यंत बघितलं. टिकली, स्वेटर, पाणी गळणारी पिशवी.

मला वाटलं, आता ते वाक्य. सकाळपासून घोकलेलं.

"युअर पिलोकेसेस," काकी म्हणाल्या, "इझ अपसाइड डाउन."

म्हातारीचा जबडा हलला. "दे आर माय पिलोकेसेस."

"दे फिल्ज विथ विंड."

"दॅट इझ हाऊ दे ड्राइज, यू फूलिश वुमन!"

आणि जुंपली! दारातच. काकी अर्धं इंग्रजीत, अर्धं मालवणीत, नोरा काठी आपटून. अभ्रे, कुंपण, एकाहत्तर सालची कुठलीशी पातेली, कुणाच्या मांजराने कुणाची गुलाबाची कुंडी पाडली. मी मध्ये उभी, कधी हिच्याकडे बघतेय, कधी तिच्याकडे. दोघींचे गाल लाल झाले होते. दोघींची वयं दहा दहा वर्षांनी उतरली होती.

आणि मध्येच काकींचा आवाज फुटला. "माझा चुकला गो," त्या म्हणाल्या. "माझा चुकला."

नोरा थांबली. तिला मालवणी किती कळायची कोण जाणे. ती म्हणाली, "तू तुझ्या भाषेवर आलीस की समजायचं, तुझं चुकलेलं आहे. आत ये. पाय पूस."

स्वयंपाकघरात किटली चढली. काकी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ती गोष्ट. फिनिश इट."

कुठली, असं नोराने विचारलं नाही. ती स्टोव्हला टेकून उभी राहिली आणि तेरा वर्षांपूर्वी जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली.

तुम्ही आलात त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर हिमवादळ. दार वाजलं. बघते तर शेजारचा प्रोफेसर. वर ओव्हरकोट, खाली तो गुंडाळलेला चौकडीचा कपडा, पायात बूट, आणि हातात छत्री. हिमवादळात छत्री! ती केव्हाच उलटी झालेली. तरी ती नीट धरून, मान वाकवून म्हणाला, "मॅडम, माझी एक विनंती आहे. कृपया माझ्या पत्नीशी भांडावं."

काकी खुर्ची पुढे ओढून बसल्या. नोरा पुढे सांगू लागली.

मी म्हटलं, काय? तर म्हणाला, "तिच्या गावी कुंपणापलीकडे एक शेजारीण होती. तिच्याशी ती रोज सकाळी भांडायची आणि दिवसभर आनंदात असायची. इथे आल्यापासून तीन महिने ती गप्प आहे. मी स्वतः प्रयत्न करून पाहिला, मला जमत नाही." मी विचारलं, सर, भांडू कशावरून? त्याने पुष्कळ विचार केला. त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता. म्हणाला, "काहीही चालेल. पण कपडे वाळत घालण्यावरून ती विशेष चांगली भांडते."

"मग दुसऱ्या दिवशी," नोरा म्हणाली, "मी माझे अभ्रे उलटे टांगले."

काकींच्या पोटातून एक आवाज निघाला, तो रडण्याचा आहे की हसण्याचा ते मला कळेना. हसण्याचा होता. त्या हसत सुटल्या. टेबलावर डोकं टेकून हसल्या, डोळे पुसले, परत हसल्या. "चोवीस वर्सां!" त्या म्हणाल्या. "चोवीस वर्सां माझ्यावांगडा ऱ्हवलो, आणि मेल्यान माका कधी सांगल्यान नाय!" नोराही हसत होती, काठी खाली पडली होती, आणि मीही, ज्या माणसाला कधी बघितलं नाही त्याच्यासाठी, उलट्या छत्रीसाठी, हसता हसता रडत होते.

वरून बसचा हॉर्न ऐकू आला.

काकींनी डोळे पुसले, खांद्याच्या पिशवीतला पत्र्याचा डबा काढला. उघडल्याबरोबर मसाल्याचा असा वास सुटला की नोराला शिंक आली. घरी कुटलेला, वेंगुर्ल्याच्या पद्धतीचा. मासळीची पिशवी सिंकमध्ये उपडी झाली. "चेडवा, तू जा," काकी म्हणाल्या. "ड्रायव्हराक सांग, मी येणय नाय."

"पण काकी, तुम्ही परत कशा येणार? कपडे? औषधं?"

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. "नोरा! ह्यो तवो? ह्येच्यावर मुडदुशे भाजतत? लाज नाय तुका?"

मी चढ चढून बसपाशी पोचले तेव्हा ड्रायव्हर डोकी मोजत होता. मी सांगितलं. बसमध्ये आधी काळजीचा आवाज उठला, मग मी थोडक्यात हकिगत सांगितली, आणि आयरिश आजींनी डोळ्याला रुमाल लावला, तर आजोबांनी "ब्राव्हो वेंगुर्ला!" म्हणून आरोळी ठोकली. बस खालच्या रस्त्याने वळली. मधल्या पिवळ्या घराच्या खिडकीतून धूर बाहेर येत होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी काचेतून दोन्ही हात हलवले. आत दोघी पाठमोऱ्या, एकीचा हात तव्याच्या मुठीवर आणि दुसरीचा त्या हातावर. एकीनेही वळून बघितलं नाही.

पुढचे आठ दिवस मी रोज कुंड्यांना पाणी घातलं आणि कॅल्गरीच्या मुलाला फोनवर पटवत राहिले की तुमची आई हरवलेली नाही. नवव्या दिवशी दुपारी एक टॅक्सी दारात थांबली. काकी उतरल्या. अंगात नोराचा फुलाफुलांचा झगा, चेहरा उन्हाने रापलेला, आवाज बसलेला.

"काकी! कसं झालं सगळं? समेट झाला ना?"

"खंयचो समेट!" काकी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि भराभर पायऱ्या चढू लागल्या. "माझे धुतलेले कपडे भर गो बॅगेत. शुक्रवारी परत जावंक होया. भांडाण अर्ध्यार ऱ्हवलाहा."